दोन शब्दांच्या पुढची तार

१८७३ च्या डिसेंबरात शिकागोतले वकील होरेशिओ स्पॅफर्ड यांच्या हाती समुद्रापलीकडून एक तार पडली. त्यांची पत्नी ॲना चार मुलींना घेऊन युरोपला निघाली होती. तारेत दोनच शब्द होते, ‘एकटीच वाचले’, असे आपल्याकडच्या मंडळ्यांतही उपदेशामागून उपदेशांत सांगितले जाते. ती तार आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेली आहे आणि तिच्यात पुष्कळ जास्त मजकूर आहे. ‘एकटीच वाचले’ याला लागूनच ॲनाबाईंनी विचारले आहे, ‘काय करू?’ पुढे बरोबरच्यांपैकी कोण कोण गेले त्यांची नावे आहेत. उत्तर येईपर्यंत आपण कोणासोबत राहू ते आहे आणि शेवटी पॅरिसचा पत्ता.

दीडशे वर्षे ही गोष्ट सांगता सांगता पहिले दोन शब्द उरले आणि प्रश्न गळून पडला.

हा प्रश्न मला पुन्हा आठवला तो एका अंत्यविधीत. घरातला तरणाताठा मुलगा गेला होता. दोन शब्द बोलायला उभ्या राहिलेल्या बंधूंनी स्पॅफर्डांची गोष्ट सांगितली. आग, जहाज, चार मुली आणि त्याच समुद्रावर लिहिलेले गीत. मग ते मुलाच्या आईकडे वळून म्हणाले, ‘ताई, चार लेकरे गेलेल्या बापाने हे गीत लिहिले. तुम्हीही आमच्याबरोबर म्हणा.’ बोलणाऱ्याच्या मनात माया होती, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या आईने मान खाली घातली ती गीत संपेपर्यंत वर केली नाही. तिला धीर मिळाला की आपण कुठे तरी कमी पडलो असे वाटले, हे मी विचारायला धजलो नाही. तेव्हापासून मनात घोळत राहिले ते एवढेच: स्पॅफर्डांची गोष्ट शोकातल्या माणसाला सांगावी का, आणि सांगायची तर किती सांगावी?

आधी जे घडले ते पाहू. स्पॅफर्ड १८२८ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मले. वकिली चांगली चालत होती. प्रेसबिटेरियन मंडळीत ते वडील होते आणि सुवार्तिक ड्वाइट मूडी हे त्यांचे स्नेही. पत्नी ॲना मूळच्या नॉर्वेतल्या स्टाव्हांगरच्या. स्पॅफर्डांनी शहराच्या उत्तरेकडच्या जमिनींत बराच पैसा घातला आणि त्यानंतर काही महिन्यांतच, ८ ऑक्टोबर १८७१ ला, शिकागोची ती प्रसिद्ध आग लागली. सुमारे ३०० माणसे मेली, लाखभर बेघर झाली आणि स्पॅफर्डांच्या पैशाची राख झाली. दोन वर्षांनी सहकुटुंब युरोपला जायचे ठरले. ऐनवेळी कामामुळे ते मागे थांबले आणि बायकामुले पुढे गेली.

‘व्हील द्यु हाव्र’ हे फ्रेंच जहाज १५ नोव्हेंबर १८७३ ला न्यूयॉर्कहून निघाले. २२ तारखेला रात्री दोनच्या सुमारास, भर अटलांटिकमध्ये, ‘लॉक अर्न’ या लोखंडी बांधणीच्या शिडाच्या जहाजाशी त्याची टक्कर झाली. बारा मिनिटांत ते तळाला गेले. २२६ माणसे बुडाली. स्पॅफर्डांची ॲनी अकरा वर्षांची होती, मॅगी नऊची, बेसी पाचची आणि टनेटा दोन वर्षांची. ॲनाबाई फळीवर तरंगताना बेशुद्ध अवस्थेत सापडल्या. वाचलेल्यांना दुसऱ्या एका जहाजाने वेल्समधल्या कार्डिफ बंदरात आणून सोडले. ती तार तिथली.

इथपर्यंत लोकप्रिय गोष्ट आणि इतिहास बऱ्यापैकी हातात हात घालून चालतात. पुढे वाट फुटते. गोष्ट म्हणते की स्पॅफर्ड पत्नीला आणायला निघाले, जहाज अपघाताच्या जागेवर आले तेव्हा कप्तानाने त्यांना बोलावून ती जागा दाखवली, आणि त्याच रात्री त्यांनी ‘इट इज वेल विथ माय सोल’, म्हणजे ‘माझ्या जिवाचे सगळे ठीक आहे’, हे गीत लिहिले. त्यांची मुलगी बर्था हिने आपल्या आठवणींत हेच सांगितले आहे. पण बर्थाचा जन्म १८७८ चा. उलट मूडींचे सहकारी आणि गायक आयरा सँकी हे १८७६ साली स्पॅफर्डांच्या शिकागोतल्या घरी मुक्कामाला होते, आणि गीत त्या दिवसांत तिथेच लिहिले गेले असे त्यांनी नोंदवले आहे. गीताचे जे हस्तलिखित आज उपलब्ध आहे ते शिकागोतल्या ब्रेव्हूर्ट हाउस नावाच्या हॉटेलच्या कागदावर आहे. समुद्रावरून त्यांनी घरच्यांना लिहिलेले पत्र मात्र आहे. त्यात ते सांगतात की ती जागा ओलांडली, पण आपल्या मुली त्या पाण्यात आहेत असे आपल्याला वाटत नाही, त्या सुखरूप आहेत.

मला सँकींचे सांगणे अधिक पटते. आणि ते खरे असेल तर गीताची किंमत तसूभरही कमी होत नाही. बोटीच्या कठड्याशी उभे राहून एका रात्रीत सुचलेली ओळ आणि तीन वर्षे त्या मुलींवाचून घरात वावरल्यावर, शाळेच्या वेळा, वाढदिवस, तीन नाताळ काढल्यावर लिहिलेली ओळ, यांत दुसरी मला जड वाटते. पहिलीत भावनेचा भर असू शकतो. दुसरीत रोज सकाळी उठणे असते. तरी आपण पहिलीच सांगतो, कारण ती ऐकायला उत्कट आहे. याचा परिणाम ऐकणाऱ्यावर होतो. ज्याचे माणूस परवा गेले त्याला वाटते, स्पॅफर्डांना काही दिवसांत जमले, मला का जमत नाही?

आता दुसरे पारडे पाहायला हवे, कारण ते हलके नाही.

गीताने आणि त्याच्या गोष्टीने अगणित माणसांना खरोखर सावरले आहे. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांना त्याचे पुरावे द्यावे लागत नाहीत. दु:खात माणसाची वाचा बसते. प्रार्थनेला गुडघे टेकले तरी शब्द येत नाहीत. अशा वेळी दुसऱ्याने आधी म्हणून ठेवलेले शब्द तोंडात घेता येतात. आपल्याकडे वारीत चालणाऱ्या बाईला अभंग जसा स्वत:चा वाटतो, तसेच हे आहे. आणि शब्द देणारा स्वत: पोळलेला असला तर आधार वाढतो. सुखवस्तू माणसाने ‘सगळे ठीक आहे’ म्हटले तर संताप येईल. चार मुलींच्या बापाने म्हटले तर माणूस निदान ऐकून घेतो. म्हणजे गोष्ट गीतापासून तोडली तर गीताचे बळच कमी होते. जे म्हणतात की चरित्र बाजूला ठेवा, गीत गीत म्हणून गा, त्यांच्याशी माझे म्हणूनच जमत नाही. या गीताला साक्षीदार लागतो.

हस्तलिखितातला एक बारकावा या बाजूने बोलतो. स्पॅफर्डांच्या हातच्या कागदावर पहिल्या कडव्यात देवाने आपल्याला ‘जाणायला’ शिकवले असा शब्द आहे. छापलेल्या आणि जगभर गायल्या जाणाऱ्या पाठात त्याजागी ‘म्हणायला’ आला. एका क्रियापदाचा फरक, पण मला तो फार मोठा वाटतो. सगळे ठीक आहे हे जाणणे माणसाच्या हातात नसते. म्हणणे कधी कधी असते. आतून पटलेले नसतानाही ओठ हलवता येतात, आणि कधी कधी मन मागून येते. शोकातल्या माणसाला ही सवलत फार मोलाची आहे.

फिलिप ब्लिस यांनी गीताला चाल लावली आणि चालीला नाव दिले ‘व्हील द्यु हाव्र’. इंग्रजी गीतपुस्तकांत या गीताबरोबर आजही ते नाव छापतात. ज्या जहाजाने मुली नेल्या त्याचेच नाव त्यांच्या वडिलांच्या गीतावर. १८७६ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या फारवेल हॉलमध्ये ब्लिस यांनी ते पहिल्यांदा गायले आणि २९ डिसेंबरला ओहायोतल्या ॲशटाब्युला इथे रेल्वेचा पूल कोसळून ते पत्नीसह गेले. गीताभोवती दु:खाची अशी दाटी आहे, त्यामुळे त्याची आख्यायिका होणे स्वाभाविकच होते. लोकांनी ते मुद्दाम केले असे म्हणणे अन्यायाचे होईल.

मग आक्षेप कशाला? आक्षेप आहे तो आख्यायिकेच्या सर्वांत ठळक चुकीला.

पुष्कळदा गोष्ट अशी सुरू होते: स्पॅफर्डांचा लहान मुलगा आगीच्या आधी तापाने गेला, मग आगीत पैसा गेला, मग समुद्रात मुली गेल्या, आणि मग गीत आले. दु:खाच्या पायऱ्या ओळीने चढत जातात आणि शेवटच्या पायरीवर गीत. पण मुलाबद्दलचे हे म्हणणे चूक आहे. छोट्या होरेशिओचा जन्म नोव्हेंबर १८७५ चा, म्हणजे जहाज बुडाल्यावर दोन वर्षांनी. तो स्कार्लेट फीवरने गेला फेब्रुवारी १८८० मध्ये. गीत पहिल्यांदा गायले गेले तेव्हा तो वर्षाचा होऊन गेलेले बाळ होता, आणि आईवडिलांना वाटत असणार की घर पुन्हा भरते आहे.

हा घोटाळा नुसता सनावळीचा नाही. मुलाचा मृत्यू गीताच्या आधी सरकवला की गीत शेवट ठरते: वेदना आली, माणूस टिकला, गीत झाले, संपले. तो जिथे आहे तिथे ठेवला तर गोष्ट पार बदलते. ‘सगळे ठीक आहे’ हे माणसाने लिहिले, हजारो लोक ते गाऊ लागले, आणि मग त्याच्या घरात पाचवे मूल गेले. त्या रात्री ते गीत त्यांना म्हणवले का? कोणाकडेच त्याचे उत्तर नाही. पण विश्वास टिकला की नाही याची खरी कसोटी तिथून सुरू होते, आणि नेमकी तीच आपण गोष्टीतून काढून टाकली आहे.

१८८० नंतर स्पॅफर्डांचे आणि त्यांच्या मंडळीचे बिनसले. इतकी संकटे एकाच घरावर का, या कुटुंबाच्या हातून काही पाप घडले असेल का, अशी कुजबुज होती. ईयोबाचे मित्र प्रत्येक गावात असतात. स्पॅफर्डांचे मनही जुन्या शिकवणीत राहिले नव्हते. आपली निष्पाप लेकरे गमावलेल्या या माणसाला सार्वकालिक नरकाची कल्पना मान्य होईना. देव शेवटी सर्वांनाच तारील असे ते म्हणू लागले. ते मंडळीतून बाहेर पडले. भोवती एक छोटा गट जमला. ऑगस्ट १८८१ मध्ये तेरा मोठी माणसे आणि तीन मुले असा हा गट यरुशलेमला निघाला. प्रभूचे दुसरे येणे जवळ आहे आणि आपण तिथे हजर असले पाहिजे अशी त्यांची श्रद्धा होती. तटबंदीला लागून असलेल्या एका घरात त्यांनी एकत्र राहणे सुरू केले. पुढे लोक त्याला अमेरिकन कॉलनी म्हणू लागले.

या प्रकरणाबद्दल बोलताना बहुतेक उपदेशक गप्प होतात. कारण हिशेब सरळ नाही.

जमेच्या बाजूला बरेच आहे. १८८२ च्या सुमारास येमेनमधून आलेली गरीब ज्यू कुटुंबे यरुशलेमबाहेर उपाशी पडली होती. या लोकांनी त्यांना जेवू घातले. शेजारच्या मुसलमान आणि ज्यू घरांशी त्यांनी जे संबंध जोडले ते धर्म बदलून घेण्यासाठी नव्हते, आणि त्या काळातल्या मिशनरी वातावरणात ही गोष्ट दुर्मिळ होती. पहिल्या महायुद्धात शहरावर उपासमार आली तेव्हा त्यांनी लंगर चालवले, जखमींची सेवा केली. १९२५ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी बर्था बेथलेहेमच्या वाटेवर असताना तिला एक आजारी बाई आणि तिचे तान्हे बाळ भेटले. आईला दवाखान्यात पोचवले, पण ती वाचली नाही, आणि बाळ बर्थाकडे आले. त्यातून अनाथ बाळांसाठी घर उभे राहिले आणि त्याला ॲनाबाईंचे नाव दिले गेले. ज्या जुन्या घरात स्पॅफर्ड राहायला आले होते तिथे आज स्पॅफर्ड चिल्ड्रन्स सेंटर आहे.

खर्चाच्या बाजूलाही कमी नाही. शिकागो सोडताना स्पॅफर्डांनी मागे देणी ठेवली, आणि विश्वासाने सांभाळायला दिलेल्या दुसऱ्यांच्या पैशांबद्दल त्यांच्यावर गंभीर तक्रारी झाल्या. १८८८ मध्ये साठीला पोचता पोचता ते हिवतापाने गेले. पुढे पस्तीस वर्षे, १९२३ पर्यंत, गटाची सूत्रे ॲनाबाईंच्या हातात होती. आपल्याला देवाकडून संदेश मिळतात असे त्या मानत, आणि त्या संदेशांनी इतरांचे संसार ठरत. अनेक वर्षे नवराबायकोंना वेगळे राहावे लागले. ब्रह्मचर्य हा नियम होता. लोकांनी स्वत:ची मिळकत गटाला दिली आणि नंतर त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. दु:खातून उभी राहिलेली श्रद्धा दुसऱ्यांच्या आयुष्यावर किती भार टाकू शकते, हे इथे दिसते. ॲनाबाईंना मी दोष द्यायला कचरतो. पाच मुले गमावलेल्या बाईला आपण कशासाठी तरी वाचलो आहोत असे वाटणे मला पूर्ण समजते. पण ज्यांचे संसार त्यात विस्कटले त्यांचे दु:खही दु:खच होते. त्यांच्यावर कोणी गीत लिहिले नाही.

मग ‘स्पॅफर्डांचा विश्वास टिकला’ हे वाक्य खरे की खोटे? मी ते खरे मानतो. शेवटपर्यंत त्यांनी देवाला सोडले नाही. पण टिकलेली गोष्ट जशीच्या तशी राहिली असे नाही. मंडळी सुटली, शिकवण बदलली, देश सुटला, पैशांच्या व्यवहारात चुका झाल्या, उतावळ्या आशा फोल ठरल्या, आणि त्यातच भुकेल्यांना भाकरीही मिळाली. मोडलेले हाड कधी कधी वाकडे जुळते. ते जुळलेले नाही असे म्हणता येत नाही आणि ते सरळ आहे असेही म्हणता येत नाही.

इथे दुसऱ्या एका गीतकाराची आठवण होते. विल्यम कूपर हे अठराव्या शतकातले इंग्रज कवी. सहाव्या वर्षी आई गेली, आणि पुढे मनाच्या आजाराने त्यांना पुन्हा पुन्हा घेरले. १७७९ साली जॉन न्यूटन यांच्याबरोबर त्यांचे ‘ओल्नी हिम्स’ हे पुस्तक निघाले, त्यातली कूपर यांची गीते आजही चर्चमध्ये गातात. पण ती गीते लोकांपर्यंत पोचली तोवर कूपर यांची खात्री झाली होती की देवाने आपल्याला टाकले आहे. १७७३ च्या आजारपणानंतर ही खात्री त्यांना १८०० मध्ये मरेपर्यंत सोडून गेली नाही. ज्यांच्या शब्दांनी इतरांना देव सापडला त्यांना स्वत:ला तो सापडेना. त्यांचा विश्वास टिकला म्हणायचे का? आपल्या आख्यायिकेच्या मापाने ते नापास ठरतील. पण जे माप कूपर यांना नापास करते, त्याबद्दल मला संशय येतो. त्या अंत्यविधीतल्या आईच्या हातात आपण हेच माप दिले होते.

मराठीत आपल्याकडे या बाबतीत एक वेगळे भांडवल आहे, आणि ते आपण वापरत नाही याची मला खंत वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने आणि गीते मराठी मंडळ्या आजही गातात. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानत. आणि तुकोबांच्या अभंगांत देवाशी भांडण आहे. १६३० च्या दुष्काळात बायको आणि मुलगा गेला, धंदा बुडाला, त्या माणसाने विठ्ठलाला जाब विचारला, त्याला नावे ठेवली, आणि तरीही त्याची पाठ सोडली नाही. मराठी माणसाला विश्वास आणि तक्रार एका तोंडात बसतात हे नव्याने शिकवावे लागत नाही. पवित्र शास्त्रातही ते जागोजागी आहे. स्तोत्रसंहितेतली मोठी संख्या विलापाची आहे. आणि ‘सगळे कुशल आहे’ हे शब्द राजांच्या दुसऱ्या पुस्तकात ज्या बाईच्या तोंडी येतात, त्या शुनेमकरणीचे मूल तेव्हा घरात मरून पडलेले होते. अलीशा संदेष्ट्याचा चाकर गेहजी विचारतो, त्याला ती तेवढेच सांगते आणि पुढे जाते. अलीशा समोर आल्यावर मात्र त्याचे पाय धरून विचारते की मी तुमच्याकडे मुलगा मागितला होता का? कुशल आहे म्हणणारी आणि भांडणारी बाई एकच आहे, आणि शास्त्राने तिला कुठेही टोकलेले नाही.

टिळकांच्या घरातही गोष्ट एका बाजूनेच उरली नाही, ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंमुळे. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा या नवऱ्याच्या श्रद्धेची किंमत बायकोने भरली. वर्षानुवर्षे ताटातूट, माहेरच्यांचा आणि सासरच्यांचा ताप, लोकांची बोलणी. १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या, पण ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिताना त्यांनी ती वर्षे गोड करून सांगितली नाहीत. राग राग म्हणून आला, हट्ट हट्ट म्हणून आला, मुले गमावल्याचे दु:ख दु:ख म्हणून आले. म्हणून वाचणाऱ्याला टिळकांची श्रद्धा खरी वाटते. आणि टिळकांनी अपुरे सोडलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनीच पुरे केले. ॲनाबाईंचा प्रश्न तारेतून गळला. लक्ष्मीबाईंनी आपले प्रश्न स्वत: छापून ठेवले. आपल्या मंडळ्यांत ‘स्मृतिचित्रां’चे वाचन शोकसभेत होत नाही, आणि स्पॅफर्डांची गोष्ट होते. मला हे उलट वाटते.

काही पाळकांशी बोललो तेव्हा एक हरकत पुढे आली आणि ती मी गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, लोकांना घट्ट धरायला काही तरी हवे असते. कर्ज, यरुशलेम, पंथ, कोर्ट, हे सगळे सांगत बसलात तर गीताचाच आधार हलेल. दु:खाच्या घरात इतिहासाचे वर्ग घ्यायचे का? त्यातला शेवटचा भाग मान्य आहे. अंत्यविधीत कोणी सनावळी सांगू नये. पण अर्धी गोष्ट हा कायमचा आधार नसतो. ऐकणारा कधी तरी पूर्ण गोष्ट वाचतो; आज ती हाताशी आहे. तेव्हा आपल्याला सोयीचे तेवढेच सांगितले गेले, हे त्याला कळते, आणि मग स्पॅफर्डांबरोबर सांगणाऱ्यावरचाही भरवसा जातो.

तेव्हा माझे मत असे. गीत गावे, आणि भरपूर गावे. रविवारच्या उपासनेत, बायबल वर्गात, तरुणांच्या सभांत गोष्ट सांगावी, आणि पूर्ण सांगावी: तारेतल्या प्रश्नासकट, १८८० मधल्या छोट्या होरेशिओसकट, यरुशलेममधल्या चुकांसकट आणि तिथल्या भाकरीसकट. ताज्या दु:खाच्या घरात मात्र ती उदाहरण म्हणून कोणासमोर धरू नये. तिथे गीत म्हणायचे तर इतरांनी म्हणावे, आणि ज्या आईला ते म्हणवत नाही तिला मान वर करायला लावू नये.

हे सांगताना कार्डिफच्या त्या तारेकडे मी पुन्हा जातो. ‘काय करू?’ या शब्दांना स्पॅफर्डांनी उत्तर म्हणून गीत पाठवले नाही. ते काम टाकून बोटीत बसले, तोच समुद्र ओलांडला, आणि ॲनाबाईंपाशी जाऊन पोचले.